वही, खिडकी आणि मधला थर

१९८५ पर्यंत आपल्याकडचे रेल्वे आरक्षण वहीत राहत असे. एका गाडीचा, एका तारखेचा, एका वर्गाचा एक तक्ता. त्यात बर्थांचे क्रमांक आणि त्यांच्यापुढे प्रवाशांची नावे. ही वही ज्या कारकुनापुढे उघडी, त्याच्याच खिडकीवर त्या गाडीचे आरक्षण मिळे. शेजारच्या खिडकीवरचा कारकून रिकामा बसलेला असला तरी रांगेतल्या माणसाला त्याचा उपयोग नव्हता, कारण वही त्याच्यापुढे नव्हती. वाटेतल्या स्टेशनांसाठी काही बर्थ आधीच वेगळे काढून दिलेले असत. त्याला ‘कोटा’ म्हणत. दुसऱ्या गावाहून परतीचे आरक्षण हवे असेल तर तार जाई आणि उत्तराची वाट पाहावी लागे.

या व्यवस्थेची आज आपण थट्टा करतो. मी संगणकशास्त्र शिकलेलो नाही. गेली काही वर्षे या विषयावरचे जुने तांत्रिक निबंध आणि अहवाल आपल्या आपण वाचत आलो आहे. त्या वाचनातून माझे असे मत झाले आहे की, वहीच्या काळातला कोटा हे एका अतिशय अवघड प्रश्नाचे शहाणपणाचे उत्तर होते. प्रश्न असा : माल एकच आहे, तो विकणारे अनेक आहेत, आणि त्या विकणाऱ्यांमध्ये शेकडो मैलांचे अंतर आहे. मग एकच बर्थ दोघांना विकला जाऊ नये यासाठी काय करायचे?

याची मुळात दोनच उत्तरे आहेत. एक, माल आधीच वाटून टाकायचा. मग कोणी कोणाला विचारायला नको. प्रत्येक जण आपल्या वाट्यातून झटपट विकतो. तोटा असा, की एका स्टेशनचा कोटा रिकामा राहतो आणि दुसऱ्या स्टेशनवरून माणूस हात हलवत परत जातो. दुसरे उत्तर म्हणजे माल एकाच वहीत ठेवायचा आणि विकण्यापूर्वी दर वेळी त्या वहीला विचारायचे. यात काही वाया जात नाही, पण विचारण्याला वेळ लागतो, आणि तार तुटली की विक्री थांबते. विखुरलेल्या संगणकांचा गेल्या साठ वर्षांचा इतिहास म्हणजे पहिल्या उत्तराकडून दुसऱ्या उत्तराकडे झालेला प्रवास आहे. हे ‘विचारण्याचे’ काम जो थर करतो, त्याला संगणकाच्या परिभाषेत मिडलवेअर म्हणतात. प्रवाशाला तो दिसत नाही, कारकुनालाही दिसत नाही. आणि न दिसणाऱ्या गोष्टींचा इतिहास सहसा लिहिला जात नाही.

नाव आणि वस्तू

ऑक्टोबर १९६८ मध्ये जर्मनीतल्या गार्मिश या गावी नाटोच्या विज्ञान समितीने एक परिषद भरवली होती. संगणकाच्या आज्ञावल्या वेळेवर का होत नाहीत, झाल्या तर चुकतात का, यावर तिथे पुष्कळ वाद झाला. त्या परिषदेच्या अहवालात अलेक्झांडर डागापेयेफ या ब्रिटिश तज्ज्ञाची एक आकृती आहे : टोकावर उभा केलेला, उलटा त्रिकोण. तळाच्या टोकाशी यंत्र चालवणारी मूळ आज्ञावली, सर्वांत वर प्रत्यक्ष कामाच्या आज्ञावल्या, आणि त्यांच्या लगेच खाली ‘मिडलवेअर’. यंत्र बनवणाऱ्या कंपन्या जे तयार देतात ते गिऱ्हाईकाच्या कामाला जसेच्या तसे चालत नाही, म्हणून मधे एक थर घालावा लागतो, असा त्याचा मुद्दा होता. या शब्दाचा छापील आढळ सर्वसाधारणपणे इथपर्यंत मागे नेला जातो.

वस्तू मात्र नावाआधी आली होती, आणि तीही आरक्षणाच्याच निमित्ताने. १९५३ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सचे प्रमुख सी. आर. स्मिथ आणि आयबीएमचे विक्रेते ब्लेअर स्मिथ एका विमानात योगायोगाने शेजारी बसले. आडनावावरून सुरू झालेल्या बोलण्यातून पुढे ‘सेबर’ ही विमान-आरक्षणाची व्यवस्था उभी राहिली. न्यूयॉर्कजवळ ब्रायरक्लिफ मॅनर इथे आयबीएमचे दोन ७०९० संगणक ठेवले गेले आणि देशभरातली विक्री-कार्यालये टेलिफोनच्या तारांनी त्यांना जोडली. १९६४ च्या सुमारास ही व्यवस्था पुरती चालू झाली. वही एकच, तिच्याकडे जाणाऱ्या तारा मात्र शेकडो मैल लांब.

‘सेबर’ हे एका कंपनीसाठी मापाने शिवलेले अंगरखे होते. प्रत्येकाला असे शिवून घेणे परवडणारे नव्हते. १९६९ मध्ये आयबीएमने ‘सिक्स’ नावाची तयार आज्ञावली बाजारात आणली. वीज, टेलिफोन यांसारख्या सेवा देणाऱ्या कंपन्यांची गरज तिच्यामागे होती. अनेक ठिकाणांहून येणाऱ्या मागण्या रांगेत लावायच्या, एकेकीला यंत्राचा वेळ द्यायचा, काम अर्ध्यात मोडले तर झालेले पुसून पूर्वस्थितीला आणायचे, ही सगळी कामे तिने आपल्याकडे घेतली. बँकांची पुष्कळ कामे आजही तिच्यावर चालतात.

अंतर लपवण्याची किंमत

यापुढची पायरी झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या संशोधनकेंद्रात पडली. अँड्र्यू बिरेल आणि ब्रूस नेल्सन यांनी १९८४ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांची कल्पना दिसायला साधी होती. प्रोग्रामरने दूरच्या यंत्राकडून काम करून घेताना ते आपल्याच यंत्रात चालले आहे असे समजून लिहावे. मागणीची मोट बांधणे, ती तारेवरून पाठवणे, उत्तर आले की सोडून दाखवणे, हे सारे मधल्या थराने परस्पर करावे. याला ‘रिमोट प्रोसीजर कॉल’ म्हणतात.

या निबंधातले आकडे मला त्यातल्या कल्पनेइतकेच मोलाचे वाटतात, कारण लेखकांनी आपल्या सोयीची किंमत मोजून दाखवली आहे. त्याच यंत्रातल्या त्याच कामाला दहा मायक्रोसेकंदांच्या आत वेळ लागे. शेजारच्या यंत्राकडून करून घ्यायला सुमारे १,१०० मायक्रोसेकंद. म्हणजे शंभरपटीहून अधिक. त्यातही प्रत्यक्ष तारेवरच्या प्रवासाचा वाटा सुमारे आठवा हिस्सा. बाकीचा बहुतेक वेळ बांधाबांध, सोडासोड आणि यंत्राच्या आतल्या हालचालींत जाई. हमाली प्रवासापेक्षा जड होती. मिडलवेअरच्या कार्यक्षमतेवर पुढे जे संशोधन झाले, त्यातले बरेचसे ही हमाली कमी करण्याचे आहे.

हमाली कमी करता येते. अंतर कमी करता येत नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते कोलकाता सरळ रेषेत साधारण साडेसोळाशे किलोमीटर, जाऊन-येऊन तेहतीसशे. म्हणजे यंत्रे कितीही वेगवान केली तरी एका प्रश्नोत्तराला सोळा मिलिसेकंदांच्या खाली येता येणार नाही. तेच बोलणे भूस्थिर उपग्रहामार्फत झाले, तर छत्तीस हजार किलोमीटर वर आणि तितकेच खाली, प्रश्नाला एकदा आणि उत्तराला एकदा : जवळजवळ अर्धा सेकंद.

आणि अंतराला वेळेखेरीज आणखी एक गुण असतो : ते तुटते. १९९४ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सच्या जिम वाल्डो आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी एका टिपणात मांडले की, दूरचे काम जवळच्यासारखे भासवण्याचा हट्टच घातक आहे. आपल्याच यंत्रात काम मोडले तर सगळेच मोडते आणि आपल्याला ते कळते. दूरच्या यंत्राकडून उत्तर आले नाही तर तीन शक्यता उरतात : मागणी पोहोचलीच नाही, पोहोचली पण काम झाले नाही, किंवा काम झाले आणि उत्तर वाटेत हरवले. बाहेरून तिन्ही सारख्याच दिसतात. पैसे खात्यातून गेले आणि तिकीट आले नाही, या आपल्या रोजच्या तक्रारीचे मूळ इथे आहे.

या संकटावरचा तोडगा जिम ग्रे या शास्त्रज्ञाने १९७८ च्या आपल्या टिपणांत सविस्तर लिहून ठेवला होता. तो जमिनीच्या व्यवहारासारखा आहे. मध्यस्थ आधी सगळ्या पक्षांना विचारतो : तयार आहात? प्रत्येक जण ‘तयार’ म्हणतो आणि आपला माल बांधून ठेवतो. सर्वांचा होकार आला की मध्यस्थ दुसऱ्या फेरीत ‘झाले’ म्हणतो. एकाचाही नकार आला तर सगळ्यांना ‘सोडा’. यात फसवणूक होत नाही. पण दोन फेऱ्यांच्या मधे मध्यस्थच गप्प झाला, तर ‘तयार’ म्हणून बसलेल्याला माल विकताही येत नाही आणि सोडताही येत नाही. बिनचूकपणाची किंमत वाट पाहण्यात मोजावी लागते.

पाच वह्यांची एक वही

आता पुन्हा आपल्याकडे. १९८५ च्या नोव्हेंबरात नवी दिल्लीला ‘इम्प्रेस’ या आरक्षण-व्यवस्थेचा प्रयोग सुरू झाला आणि पुढच्या वर्षी तिला औपचारिक रूप आले. माधवराव शिंदे तेव्हा रेल्वे राज्यमंत्री होते. आज्ञावली सीएमसी या सरकारी कंपनीने लिहिली. आयबीएमने १९७८ मध्ये भारत सोडल्यावर तिच्या यंत्रांची देखभाल जिच्याकडे आली तीच ही कंपनी. यंत्रे डिजिटल कंपनीची, व्हॅक्स जातीची. दिल्लीच्या प्रवाशाला या व्यवस्थेने दिलेली मोठी देणगी म्हणजे कुठल्याही खिडकीवर कुठल्याही गाडीचे आरक्षण. वही कारकुनापुढून उठून आतल्या खोलीत गेली आणि सगळ्या खिडक्यांना एकाच वेळी दिसू लागली.

मग मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद इथे अशीच केंद्रे झाली. पण ती पाच बेटे होती. प्रत्येक केंद्राकडे आपापल्या भागातल्या गाड्यांची वही. दुसऱ्याची वही त्याला वाचता येत नव्हती. म्हणजे खिडक्यांमधली भिंत पडली आणि शहरांमधली उभी राहिली.

ती पाडण्याचे काम १९८६ मध्ये स्थापन झालेल्या ‘क्रिस’ या रेल्वेच्याच संस्थेने केले. तिच्या नव्या आज्ञावलीचे नाव ‘कॉन्सर्ट’. १९९४ मध्ये ती प्रथम सिकंदराबादला बसवली गेली आणि एप्रिल १९९९ मध्ये पाचही केंद्रे एकमेकांना जोडली गेली. फोरट्रान आणि सी या भाषांत लिहिलेल्या या व्यवस्थेत मधला थर म्हणून डिजिटल कंपनीचे ‘रिलायबल ट्रान्झॅक्शन राउटर’ वापरले होते. या इतिहासाचा खरा नायक हा राउटर आहे, असे मला वाटते.

त्याची रचना तीन पातळ्यांची आहे. पुढे खिडकीच्या बाजूचे यंत्र, मागे वही सांभाळणारे यंत्र, आणि मधे वाट दाखवणारा राउटर. मुंबईच्या खिडकीवर कोणी हावडा-चेन्नई गाडीचे तिकीट मागितले, तर मुंबईच्या आज्ञावलीला ती वही कुठल्या शहरात आहे हे ठाऊक असण्याची गरज नसते. मागणीतला ठरावीक मजकूर पाहून राउटर ती योग्य केंद्राकडे पाठवतो. मागचे यंत्र मध्येच बंद पडले, तर अर्धवट राहिलेली मागणी तो विसरत नाही. राखीव यंत्राकडे ती पुन्हा नेतो. वाल्डो यांनी सांगितलेल्या तीन शक्यतांचा घोळ प्रवाशापर्यंत पोहोचू नये, ही त्याची जबाबदारी.

‘कॉन्सर्ट’च्या रचनाकारांनी पाच वह्यांची एक मोठी वही केली नाही, ही गोष्ट बारकाईने पाहण्याजोगी आहे. वह्या पाचच राहिल्या. मुंबईकर बहुतेक वेळा मुंबईहून सुटणाऱ्या गाडीचेच तिकीट काढतो. त्याची मागणी गावातल्या गावात भागते. दूरच्या मागण्या तुलनेने थोड्या, त्यांनाच अंतराची किंमत. म्हणजे वाटून ठेवणे आणि विचारणे या दोन्ही उत्तरांची मोट इथे बांधली होती. तारा महाग आणि बेभरवशाच्या होत्या त्या काळात ही व्यवस्था चालली, याचे श्रेय यंत्रांच्या वेगापेक्षा या वाटणीला अधिक आहे.

रांगेचे गणित

३ ऑगस्ट २००२ रोजी आयआरसीटीसीने इंटरनेटवरून तिकीटविक्री सुरू केली. सुरुवातीला छापील तिकीट कुरिअरने घरी येई. २००५ पासून ई-तिकीट आले. खिडक्यांची संख्या मोजता येत होती तोवर रांगेची लांबी स्टेशनच्या आवारात मावत होती. आता प्रत्येक घर ही एक खिडकी झाली.

इथे एक जुने गणित आठवते. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या ए. के. एर्लांग याने १९०९ मध्ये टेलिफोनच्या वर्दळीवर निबंध लिहिला आणि त्यातून रांगेचे शास्त्र जन्मले. त्या शास्त्रातले सर्वांत साधे सूत्र घेऊ. कारकुनाला एका तिकिटाला सरासरी दोन मिनिटे लागतात. तो दिवसाचा निम्मा वेळ कामात असेल, तर येणाऱ्याला सरासरी दोन मिनिटे थांबावे लागते. ऐंशी टक्के वेळ कामात असेल तर आठ मिनिटे. नव्वद टक्क्यांना अठरा. पंच्याण्णव टक्क्यांना अडतीस. काम थोडेच वाढते, रांग भराभर वाढते. म्हणून एरवी सुरळीत चालणारी व्यवस्था सकाळी दहा वाजता एकाएकी कोलमडल्यासारखी दिसते.

यावर यंत्रे वाढवणे हा उपाय केला गेला. एप्रिल २०१४ मध्ये आलेल्या नव्या ई-तिकीट व्यवस्थेची क्षमता मिनिटाला २,००० तिकिटांवरून ७,२०० वर गेली. एका वेळी ४०,००० ऐवजी १,२०,००० माणसांना आत घेता येऊ लागले. माहिती डिस्कवर शोधत न बसता अनेक यंत्रांच्या स्मृतीत विभागून ठेवणारा ‘जेमफायर’ हा नवा मधला थर त्यात होता. २२ मे २०२५ रोजी एका मिनिटात ३१,८१४ तिकिटे निघाल्याचे रेल्वेने सांगितले. त्याच उन्हाळ्यात पुढचे उद्दिष्टही जाहीर झाले : मिनिटाला सुमारे ३२,००० ऐवजी दीड लाखाहून अधिक तिकिटे, आणि चार लाखांऐवजी चाळीस लाखांहून अधिक चौकशा.

या शेवटच्या दोन आकड्यांतला फरक बोलका आहे. चौकशी दहापट, तिकिटे मात्र पाचपटीच्या आतबाहेर. कारण चौकशीचे उत्तर वहीच्या नकलेवरून देता येते, आणि नकला हव्या तितक्या काढता येतात. उत्तर क्षणभर शिळे असले तरी बिघडत नाही. बर्थ विकायचा तर मूळ वहीतच लिहावे लागते, आणि एका ओळीवर एका वेळी एकच हात लिहू शकतो. गणपतीत कोकणात जाणाऱ्या गाडीचे आरक्षण उघडते तेव्हा हजारो यंत्रे मदतीला असली, तरी ती सगळी त्या एका पानापुढे रांग लावतात. १९८५ च्या कारकुनापुढची रांग तिथेच आहे. फक्त ती मिलिसेकंदांत मोजायची.

कोण थांबणार?

आता मूळ प्रश्नाकडे येतो. वाटून ठेवण्याची सक्ती तंत्राने संपवली. देशातल्या कुठल्याही कोपऱ्यातून कुठल्याही वहीला विचारता येते. मग कोटा संपायला हवा होता. तो संपलेला नाही. तिकिटावर छापलेली जीएनडब्ल्यूएल, पीक्यूडब्ल्यूएल, आरएलडब्ल्यूएल ही अक्षरे त्याच जुन्या वाटणीची वंशज आहेत : गाडीच्या उगमापासून जाणाऱ्यांची प्रतीक्षायादी वेगळी, वाटेतल्या स्टेशनांच्या सामाईक कोट्याची वेगळी, लांबच्या स्टेशनाची वेगळी. तारेच्या काळात कोटा ही अडचण होती. आता ती निवड आहे. वाटेतल्या गावांना काही बर्थ राखून ठेवले नाहीत, तर वेगवान व्यवस्थेत ते उगमाच्या शहरातच संपतील. न्यायासाठी कधी कधी वेग मुद्दाम सोडावा लागतो.

तत्काळचेही तसेच. २०१५ पासून वातानुकूलित वर्गांचे तत्काळ दहा वाजता आणि इतर वर्गांचे अकरा वाजता उघडते. ही गर्दीची विभागणी आहे. जुलै २०२५ पासून पहिला अर्धा तास दलालांना तत्काळ तिकिटे काढायला मनाई झाली आणि ऑनलाइन तत्काळला आधारची पडताळणी आली, कारण माणसाआधी यंत्रेच रांगेत घुसू लागली होती. यातला एकही नियम यंत्राचा वेग वाढवत नाही. हे नियम फक्त इतके ठरवतात की आधी कोण आणि नंतर कोण.

मिडलवेअरच्या साऱ्या इतिहासाचे सार मला यातच दिसते. मधला थर अंतर लपवतो, हमाली कमी करतो, तुटलेले सांधतो. वाट पाहणे मात्र तो नाहीसे करू शकत नाही; एकाकडून काढून दुसऱ्याकडे सरकवतो. ‘कार्यक्षमता वाढली’ असे कोणी म्हणाले की त्यापुढे ‘कोणासाठी?’ हे विचारायलाच हवे. तालुक्याच्या गावातल्या खिडकीवर कारकून फॉर्म वाचून, नाव-वय टंकून, पैसे मोजून घेतो. एक तिकीट व्हायला मिनिट-दीड मिनिट जाते. त्याच मिनिटात तीस हजार तिकिटे परस्पर निघू शकत असतील, तर मोबाइल नसलेला, इंग्रजी-हिंदी पडदा न वाचता येणारा जो माणूस त्या खिडकीशी पहिला उभा आहे, तो खरे पाहता कितवा आहे?

वहीच्या काळातली रांग लांब होती, तिच्यात वशिला होता, दलाल होते. पण तिला एक गुण होता. कोण पुढे आहे आणि कोण मधेच घुसला, हे रांगेतल्या प्रत्येकाला दिसे. तो ओरडू शकत असे. आजची रांग राउटरच्या स्मृतीत लागते. तिची लांबी, तिचा क्रम, तिच्यात शिरण्याचे आणि तिच्यातून वगळण्याचे नियम कोणालाही डोळ्यांनी दिसत नाहीत. त्या यंत्रांचा वेग रेल्वे आकड्यांत जाहीर करते. रांग लावण्याचे नियमही तसेच, खिडकीवरच्या भाडेपत्रकासारखे, सर्वांना वाचता येतील अशा भाषेत लावले जावेत, एवढीच या अभ्यासातून निघणारी माझी मागणी आहे.